१०८ किलोंना पेलणारा पहिला सर्फबोर्ड

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोल्हापूरचे एक वाचक लिहितात. वय चौतीस, उंची ६ फूट २ इंच, वजन १०८ किलो. कॉलेज संपेपर्यंत तालमीत जात होते. पुढे घरच्या धंद्यात पडले, खुराक तेवढाच राहिला आणि मेहनत सुटली. गेल्या हिवाळ्यात मित्रांबरोबर दक्षिणेतल्या एका किनाऱ्यावर चार दिवस सर्फिंग शिकायला गेले. मित्र दुसऱ्याच दिवशी बोर्डावर उभे राहिले. यांना चौथ्या दिवशी फेसाळ पाण्यात कसंबसं दोन-तीन सेकंद उभं राहता आलं. "बोर्ड माझ्याखाली बुडत होता आणि पोरं हसत होती," असं ते लिहितात. तरी वेड लागलं ते लागलंच. आता गोव्यातल्या एका ओळखीच्याकडे ६ फूट ४ इंचांचा, वापरलेला, फायबरचा बोर्ड १८ हजारांत मिळतोय. "व्हिडिओत सांगतात की बोर्ड आपल्या उंचीपेक्षा थोडा लांब हवा. मग हा मला बरोबर बसेल ना? फोमचे मोठे बोर्ड लहान मुलांचे वाटतात, शिवाय वर्षभरात ते अडगळीत जातील अशी भीती आहे. बायको म्हणते, आधी वीस किलो उतरवा, मग बोर्ड आणा. समुद्र इथून चार तासांवर. काय करू?"

नमस्कार.

आधी गोव्यातल्या बोर्डाचं बोलू, कारण तिथे पैसे अडकायची घाई आहे. तो घेऊ नका. १८ हजारांत नको, आठ हजारांत नको, फुकट दिला तरी पहिला बोर्ड म्हणून नको.

तो बोर्ड वाईट असेल असं नाही. तुम्ही आणखी आठ-दहा वर्षं लाटांवर काढलीत तर कदाचित नेमका तसलाच बोर्ड शोधत फिराल. पण सर्फबोर्ड उंचीला मापून घेतात हा जो समज तुमच्या पत्राच्या मुळाशी आहे, तोच मुळात चुकीचा आहे. तुम्हाला पाण्यावर धरून ठेवतं ते बोर्डाचं आकारमान, आणि ते लिटरमध्ये मोजतात. बहुतेक बोर्डांच्या खालच्या बाजूला, नाहीतर दुकानाच्या पाटीवर, लांबी, रुंदी आणि जाडीच्या शेजारी हा लिटरचा आकडा लिहिलेला असतो. एक लिटर आकारमान पाण्यात पूर्ण बुडालं की साधारण एक किलो वजन उचलून धरतं. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात त्याहून किंचित जास्त.

आता त्या बोर्डाचा हिशेब करू. ६ फूट ४ इंच म्हणजे १९३ सेंटिमीटर. असल्या बोर्डांची रुंदी साधारण ५१ आणि जाडी सव्वासहा-साडेसहा सेंटिमीटर असते. तिन्ही गुणले की चौकोनी पेटीचं माप येतं, सुमारे ६३ लिटर. पण बोर्ड दोन्ही टोकांना निमुळता आणि कडेला पातळ असतो, त्यामुळे खरं माप या पेटीच्या निम्म्याहून थोडं जास्त भरतं. म्हणजे ३४-३५ लिटर. त्यावर १०८ किलोंचा माणूस पालथा पडला की बोर्ड छातीसकट पाण्याखाली जाणार. मग तुम्ही हातांनी पाणी मारत पुढे सरकत नाही, पाणी ढकलत राहता. लाट येते, बुडाखालून निघून जाते आणि तुम्ही तिथल्या तिथे.

मग टीव्हीवरचे लोक इतक्या लहान बोर्डांवर कसे काय तरतात? तरत नाहीतच. लाटेची वाट बघत बसलेला जाणकार सर्फर नीट पाहा, तो छातीपर्यंत पाण्यात असतो. त्याला वर उचलतो तो वेग. लाटेने एकदा पकडलं की बोर्ड पाण्यावरून घसरायला लागतो, आणि घसरणाऱ्या बोर्डाला आकारमान फारसं लागत नाही. पण तो वेग येईपर्यंतचा जो मधला तुकडा आहे, म्हणजे पालथं पडणं, हात मारणं, लाट धरणं, उठणं, तो त्याला झोपेतही जमतो. तुम्हाला नेमका तोच शिकायचाय. सर्फिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते टोकियोला, २०२१ साली. तेव्हापासून आपल्याकडे ते ज्यांनी पाहिलं त्यांनी अव्वल खेळाडूंच्या हातातले सहा फुटांचे बोर्डच पाहिले, आणि सर्फबोर्ड म्हणजे एवढाच असतो अशी समजूत झाली.

ढोबळ आडाखा सांगतो. मुरलेल्या सर्फरला आपल्या किलोंच्या पस्तीस-चाळीस टक्के लिटर पुरतात. नवशिक्याला किलोंइतके लिटर असलेले चांगले. सत्तर किलोंचा तरुण थोडे कमी घेऊन निभावून नेतो. तुमच्या वजनाला मी ९५ च्या खाली उतरणार नाही, आणि १०० ते ११० मिळाले तर उत्तमच.

यातून तुमच्या त्या चार दिवसांचाही उलगडा होतो. शिकवणाऱ्यांकडे आठ फुटी फोमचे बोर्ड असतात. त्यातले अरुंद असतील ते सत्तर लिटरच्या आसपास भरतात. साठ-सत्तर किलोंच्या तुमच्या मित्रांना ते मापाचे, तुम्हाला अपुरे. मित्रांना तरंगता बोर्ड मिळाला आणि तुम्हाला बुडता. त्यावरून "मला जमत नाही" असा निष्कर्ष तुम्ही काढलात, आणि पत्रातल्या पुढच्या सगळ्या शंका त्यावरच उभ्या आहेत. तुम्ही तालमीतले आहात म्हणून विचारतो: नवा पोरगा आला की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी कुणाशी धरायला लावतात? मैदान मारून आलेल्या पैलवानाशी नाही. ज्याच्या अंगावर डाव पुन्हा पुन्हा करून बघता येईल अशा सोशिक जोडीदाराशी. पहिला बोर्ड असा सोशिक हवा. बुडत्या बोर्डावरही चार दिवसांत तुम्ही तीन सेकंद का होईना उभे राहिलात, यावरून तुमच्या तोलाबद्दल मला तरी काळजी वाटत नाही.

आता मापं. लांबी ९ फूट. फार तर साडेनऊ. रुंदी २३ ते २४ इंच, जाडी साडेतीन इंचांच्या आसपास. गुणाकार करून बघा: २७४ गुणिले ६१ गुणिले ९ सेंटिमीटर म्हणजे पेटी दीडशे लिटरची. फोमच्या बोर्डांच्या कडा गुबगुबीत असतात, त्यामुळे पेटीच्या दोन-तृतीयांश माप सहज मिळतं. झाले शंभर लिटर. दुकानात आकडा लिहिलेला नसला तर खिशातली टेप काढून हा हिशेब तिथल्या तिथे करा. विकणाऱ्याच्या "तुम्हाला चालून जाईल हो" वर जाऊ नका.

उंचीचा संबंध येतो तो रुंदीशी. उंच माणसाचा गुरुत्वमध्य वर असतो, त्यामुळे अरुंद बोर्ड त्याला चटकन कलंडवतो. बुटक्या माणसाला २४ इंच रुंद बोर्डावर पालथं पडून दोन्ही बाजूंना हात पुरत नाहीत, तुम्हाला आरामात पुरतील. हा तुमचा फायदाच आहे. बोर्डाच्या नाकाकडचा, म्हणजे पुढच्या टोकाकडचा, बाक जास्त नको. सपाट बोर्ड लवकर पळतो. फार बाक असलेला पाणी पुढे ढकलत बसतो.

फोम की फायबर यात मला शंकाच नाही. पहिली दोन वर्षं फोमच. नवशिक्या पडतो, आणि पडताना त्याचा स्वतःचा बोर्ड त्याच्या डोक्याकडे, दाताकडे, बरगड्यांकडे येतो. नऊ फुटांचा कडक बोर्ड लाटेतून उलटा येऊन बसला तर टाके पडतात. शेजारी दुसऱ्याचं पोरगं खेळत असेल तर विचारूच नका. फोमचा बोर्डही लागतो, पण बहुतेक वेळा नुसतं लागण्यावर भागतं.

मात्र जड माणसाने फोमचा बोर्ड घेताना एक गोष्ट हटकून बघायची, जी विकणारा आपणहून सांगत नाही. बोर्डाच्या आत लांबीच्या दिशेने लाकडाच्या किंवा तशाच कडक वस्तूच्या पट्ट्या असतात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. स्वस्त बोर्डात त्या नसतात, किंवा एखादीच असते. शंभर किलोंचा माणूस अशा बोर्डावर झटक्यात उठला की तो मधोमध लवतो, आणि एका हंगामात आडवी घडी पडून कायमचा वाकतो. दोन किंवा तीन स्ट्रिंगर असलेलाच घ्या. बनवणाऱ्याने किती वजनापर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, तेही वाचा. तिथे ९० किलो लिहिलं असेल तर तो बोर्ड तुमचा नाही. खालची बाजू कडक, गुळगुळीत प्लास्टिकची असावी.

वापरलेला फोमचा बोर्ड मिळाला तर जरूर घ्या, पण दोन्ही तळव्यांनी वरचा भाग नाकापासून शेपटीपर्यंत दाबत जा. कुठे फुगा आल्यासारखं किंवा खाली पोकळ लागलं, तर तिथे वरचं कातडं आतल्या फोमपासून सुटलंय. उन्हात, नाहीतर बंद गाडीत ठेवल्याने हे होतं. बोर्ड उलटा करून मधल्या भागात आडवी रेघ दिसते का पाहा. मग तोच बोर्ड उभा करून हलवा. आत पाणी शिरलं असेल तर वजनात लगेच कळतं, आणि पंखांच्या खाचांतून किंवा दोरीच्या खोबणीतून थेंब गळतात. पंख, म्हणजे शेपटीखालची ती तीन पाती, हाताने हलवून बघा. ती प्लास्टिकची आणि स्क्रूने बसवलेली असतात. बोर्डाबरोबर येणारी पायाची दोरी बहुतेकदा बारीक असते, ती बदलाच. बोर्डाच्या लांबीएवढी, म्हणजे ९ फुटांची, आणि सात-आठ मिलिमीटर जाडीची घ्या. तुमच्या वजनाला बारीक दोरी तुटली तर बोर्ड किनाऱ्याला आणि तुम्ही आत, अशी पंचाईत होईल.

"लहान मुलांचे वाटतात" याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मला वाटतं खरी अडचण इथेच आहे.

विसाव्या शतकात सर्फिंग जगभर नेलं ते हवाईच्या ड्यूक कहानामोकूने. सहा फुटांहून उंच, भरदार छातीचा गडी. १९१२ आणि १९२० च्या ऑलिंपिकमध्ये त्याने १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. (त्याच १९२० च्या अँटवर्पला आपले नवले आणि शिंदे कुस्ती लढायला गेले होते.) या ड्यूकचे बोर्ड सबंध लाकडाचे. त्याचा एक तर १६ फूट लांब आणि पन्नास किलोंहून जड होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जगभरच्या मोठ्या माणसांचे बोर्ड नऊ-दहा फुटांचेच असत. आखूड बोर्डांची लाट त्यानंतरची. आजही कित्येक किनाऱ्यांवर पन्नाशी-साठीतली मंडळी नऊ फुटी बोर्ड घेऊन सकाळी पाण्यात उतरतात आणि आखूड बोर्डवाल्यांच्या दुप्पट लाटा घेऊन न्याहारीला परत येतात. तुमच्या बोर्डाचा रंग भडक निळा असेल हे खरं. पण किनाऱ्यावर उभ्या माणसाला रंग दिसतो तो बोर्ड काखेत असेपर्यंत. नंतर तो बघतो की तुम्ही उभे राहिलात की पडलात.

आणि "वर्षभरात अडगळीत जाईल" हेही पटत नाही. समुद्र चार तासांवर असलेल्या माणसाचं वर्ष म्हणजे किती दिवसांचं? ऑक्टोबर ते मे, महिन्यातला एखादा शनिवार-रविवार, त्यातही लग्नसराई, वर्षअखेरीचे हिशेब, घरातलं आजारपण. एवढ्यात कुणी नऊ फुटी बोर्ड मागे टाकून सहा फुटांवर जात नाही. तुमचे वीस किलो उतरले तरी तो मोठा पडणार नाही. उलट जास्त तरंगेल. पुढे खरंच आखूड बोर्ड घ्यायची वेळ आलीच, तर हा भावाला, भाच्याला, मित्राला. कुठल्याही नवशिक्याला तो चालतो. ६ फूट ४ इंचांचा मात्र दुसऱ्या नवशिक्याला विकतानाही मन खाईल.

आपल्या किनाऱ्याचाही कौल मोठ्या बोर्डालाच आहे. कोकणासमोरचा समुद्र दूरवर उथळ आहे. मुंबईसमोर समुद्राखालचा हा उथळ पट्टा सर्वांत रुंद आणि दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. लांबून आलेल्या लाटेची ताकद या उथळ तळावर घासून कमी होते. त्यात पावसाळा संपल्यावर अरबी समुद्र निवलेला. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ज्या लाटा मिळतात त्या गुडघ्याएवढ्या, फार तर कमरेएवढ्या, आणि मऊ. शिकायला झकास. पण मऊ लाट ढकलते हळू. तिने शंभर किलो उचलून न्यायचे तर बोर्ड लांब-रुंदच हवा. ६ फूट ४ इंचांवर तर पंचावन्न किलोंचा जाणकार मुलगासुद्धा इथे हिवाळ्यात कंटाळेल.

आता वहिनींच्या म्हणण्याकडे येतो. वीस किलो उतरवायला कुणाचीच ना नाही. पण "आधी वजन, मग बोर्ड" हा क्रम लावलात तर बोर्ड येणार नाही, आणि माझा अंदाज विचाराल तर वजनही जाणार नाही. दोन्ही एकदम सुरू करा. वजनापेक्षा मला जास्त काळजी आहे ती दहा वर्षं न हललेल्या खांद्यांची आणि रक्तदाबाची. जायच्या आधी डॉक्टरांकडून एकदा रक्तदाब, गुडघे, खांदे तपासून घ्या. सर्फिंगमधला उभं राहण्याचा वेळ अगदी थोडा. बाकी सगळा पालथं पडून हात मारण्यात जातो. म्हणजे कामाला लागतात ते खांदे, मान आणि पाठ. कुस्तीगिरांचे खांदे ताकदीचे पण आखडलेले असतात. आठवड्यातून तीनदा तलावात सलग फ्रीस्टाइल पोहायला लागा. डोकं वर काढून, विहिरीत मारतो तसले हात नव्हेत, नीट शिकून. पंचगंगेत पोहून वाढलेला माणूस दमत नाही असं आपण समजतो. पण वीस मिनिटं हात मारले की खांदा बोलायला लागतो.

उठण्याचा सराव घरी होतो. आणि इथे तालीम कामाला येते, कारण बोर्डावर उठायची हालचाल म्हणजे जवळजवळ दंडच. पालथे पडा, तळवे बरगड्यांपाशी, छाती उचला, आणि पुढचा पाय दोन हातांच्या मध्ये आणा. उंच माणसाची मांडी लांब, पोट आड येतं, पाय एका झटक्यात आत येत नाही. म्हणून दोन टप्प्यांत करा: आधी मागचा पाय तळव्यावर रोवा, मग पुढचा आत सरकवा, मग उठा. शिकवणारी चपळ पोरं एका उडीचा आग्रह धरतात. मान डोलवा आणि तुमचं करा. गुडघ्यावर मात्र थांबू नका, ती सवय लागली की जात नाही. उठल्यावर पवित्रा तोच, गुडघे वाकलेले, कंबर खाली. पायाखालून चटई सरकली तरी न पडणारा पवित्रा तुमच्या अंगात आहे. फक्त नजर खाली पायांकडे न ठेवता समोर किनाऱ्याकडे ठेवायची.

जड माणसांकडून हमखास होणारी एक गोष्ट पाण्यात उतरण्यापूर्वी कळलेली बरी. नाक पाण्यात घुसून बोर्ड उलटला की माणूस घाबरतो आणि पुढच्या वेळी मागे सरकून झोपतो. मागे सरकला की नाक हवेत, शेपूट पाण्यात, आणि बोर्डाला ब्रेक लागल्यासारखा. मग लाट मिळत नाही, आणि खापर वजनावर. शांत पाण्यात बोर्डावर पालथे पडा आणि जोडीदाराला बाजूने बघायला सांगा. नाक पाण्याच्या दोन-तीन बोटं वर असेल ती तुमची जागा. तिथे हनुवटीखाली बोर्डावर मेणाच्या कांडीने एक खूण करा. दर वेळी हनुवटी त्या खुणेवर. मेण उष्ण समुद्रासाठीचं घ्या, थंड पाण्याचं इथे वितळून पसरतं.

अंगावर लांब बाह्यांचा, घट्ट, पाण्यातला टी-शर्ट घाला. फोमवर पोट घासून जे लाल होतं त्याने दुसऱ्या दिवशी सदरा घालवत नाही. मांड्या एकमेकींना घासत असतील तर चड्डीखाली सायकलवाल्यांची घट्ट चड्डी. याबद्दल लाजून कुणी बोलत नाही आणि मग अर्ध्या दिवसात परत येतात.

राहिला बोर्ड ठेवायचा प्रश्न. तो तुम्ही "समुद्र इथून चार तासांवर" एवढ्यात उरकलाय, पण कोल्हापूरकराला बोर्डाच्या मापाइतकाच महत्त्वाचा आहे. नऊ फुटी बोर्ड अपार्टमेंटच्या लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याच्या वळणावर अडतो, गाडीत मावत नाही. म्हणजे टपावर. टपावर न्यायचा तर कॅरियरच्या दांड्यांना जाड स्पंज गुंडाळा, बोर्ड उलटा ठेवा, पंख पुढे आणि वर. बांधायला नायलॉनची दोरी नको, ती फोमला कापते. ट्रकवाल्यांचे खटका फिरवून आवळायचे पट्टेही नकोत, त्यांनी कडा चेपतात. नुसत्या बकलाचे रुंद पट्टे घ्या आणि बांधताना पट्ट्याला एक पीळ द्या. पीळ दिला नाही तर गगनबावड्यापर्यंत तो भोंग्यासारखा घुमतो. करूळचा घाट उतरण्याआधी थांबून एकदा आवळा. जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा. तापलेल्या टपावर तासभर ठेवलेल्या बोर्डाला फुगे येतात.

पण माझं मत विचाराल तर बोर्ड कोल्हापुरात आणूच नका. किनाऱ्यावर जिथे तुम्ही पुन्हा पुन्हा उतरणार त्या घरगुती खोल्यावाल्यांकडे किंवा सर्फिंग शिकवणाऱ्यांकडे महिन्याचे थोडे पैसे देऊन ठेवा. छताखाली, आडवा, उन्हाआड. मग शुक्रवारी रात्री दुकान बंद करून नुसती पिशवी घेऊन निघायचं. बोर्ड इथे जिन्याखाली उभा राहिला की जायला दर वेळी बांधाबांध, आणि बांधाबांध आहे म्हणून पुढच्या आठवड्यात बघू. असं होऊन धूळ खाणारे ट्रेडमिल घरोघर आहेत.

आणि त्याही आधी, विकत घेण्यापूर्वी, याच मापाचा बोर्ड भाड्याने घेऊन दोन-तीन फेऱ्या मारा. उत्तर गोव्यात अश्वे-मांद्रेच्या बाजूला सर्फिंग शिकवणारे आहेत, आणि आजरा-आंबोलीमार्गे तुम्हाला ते दूर नाही. फोन करून तारीख विचारण्याआधी वजन सांगा आणि नऊ फुटी, पंचाण्णव लिटरच्या पुढचा बोर्ड आहे का ते विचारा. "आठ फुटी आहे, सगळ्यांना तोच देतो" असं उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा. इथे लाजलात तर गेल्या हिवाळ्याचे चार दिवस पुन्हा.

तुम्ही विचारलं नाहीये, पण कुणीतरी सुचवेलच म्हणून सांगतो. हवा भरायचा, उभं राहून वल्हवायचा लांबडा बोर्ड मिळतो. गुंडाळून पिशवीत मावतो, १०८ किलो सहज पेलतो, आणि निवांत पाण्यावर परवानगी असेल तिथे लाइफजॅकेट घालून तोल आणि कंबर दोन्ही पक्के करतो. कोल्हापुरात राहणाऱ्याला त्याचा मोह पडणं साहजिक आहे. पण लाटांत तो वळत नाही आणि वाऱ्याने भरकटतो. दोन्ही परवडत असतील तर घ्या, सर्फबोर्डाऐवजी मात्र नको. रंकाळ्यावर सर्फबोर्ड उतरवायचा विचार मनात असेल तर तो सोडा. लाट नाही तिथे सर्फबोर्ड म्हणजे महागडी फळी.

समुद्राबद्दल एवढंच. नदीत पोहता येतं म्हणून समुद्र येतो असं नाही. गणपतीपुळ्याच्या पाण्याने आपल्या भागातली किती घरं रडवली ते तुम्हाला सांगायला नको. ज्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत आणि पाणी गढूळ होऊन आत जाताना दिसतं तिथे ओढ असते. नवख्याला तीच जागा शांत वाटते. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे हातपाय मारून दमू नका. बोर्ड सोडू नका, किनाऱ्याला समांतर हात मारत बाजूला निघा. देवबागसारख्या संगमाच्या तोंडाशी, खाडीच्या मुखाशी, ओहोटीच्या वेळी उतरूच नका. पहिला हंगामभर एकटे कधीच नको, आणि शिकवणारा किंवा जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावरच. जून ते सप्टेंबर विषय बंद. १ जून ते ३१ जुलै तर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला होड्या निघाल्या म्हणजे आपल्यासाठी समुद्र उघडला असं नव्हे. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा जाऊ द्या.

जायचा दिवस ठरवताना कालनिर्णय उघडाच. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, पाण्याची धावपळ जास्त. अष्टमीच्या आसपासचे दिवस शांत, नवशिक्याला बरे. आणि पहाटे चारला कोल्हापूर सोडून सकाळी पोचायचा बेत करू नका. हिवाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो, पाणी साफ असतं. अकरा-बाराच्या पुढे समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटांचा चुरा होतो. आदल्या रात्री पोचून झोपा, सातला पाण्यात, नऊला बाहेर, मग पोटभर खा. दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि नऊ फुटी बोर्ड घेऊन गर्दीत शिरणं दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. नोव्हेंबरातला, दिवाळी उलटून गेल्यावरचा, अष्टमीच्या जवळचा एखादा शनिवार बघा आणि बोर्डाचं भाडं आत्ताच बोलून ठेवा.